फुंकणीला उष्टं नसतं

त्या गावात मी कधी गेलेले नाही, पण तिथल्या रस्त्याने मी रोज चालते. दुपारची जेवणं झाली, आई लवंडली, मांजराला ओट्यावरून हाकलून झालं की मी पलंगावर पाठ टेकते, डोळे मिटते आणि निघते. आधी लाकडी जिना. वरून तिसरी पायरी करकरते. मग दार, ते खांद्याने ढकलावं लागतं. मग दगडी फरशीचा उतार, डाव्या हाताला चाव्या करून देणाऱ्याचं दुकान, उजवीकडे खांबावर बंद पडलेलं घड्याळ आणि त्याच्याखाली बसचा थांबा. उतार संपला की विटांची एक लांबलचक इमारत लागते. दार उघडंच असतं आणि आतून ऊब येते. मी दारापर्यंत पोचते, तेवढ्यात इकडे दूधवाला बेल वाजवतो.

हे सगळं धाकटीने फोनवर सांगितलेलं आहे. धाकटी म्हणजे माझी बहीण. वय पस्तिशीला टेकलं तरी घरात तिला दुसरं नाव नाही. घरात असली की तिच्या तोंडाचा पट्टा चालू, आणि उंबरा ओलांडला की मिठाची गुळणी. दुकानात वाणसामान मागायचं तरी मला पुढे ढकलायची. अशी बाई एकटी परदेशात शिकायला जाईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, मुलांनी फोडलेल्याची विल्हेवाट लावायची. ती विल्हेवाट लावता लावताच तिला नाद लागला. फुटक्या नळ्या बर्नरवर धरून ती हंस करायची, हत्ती करायची, एकदा आईच्या नाकासकट आईचा चेहरा केला. एक पाहुणे प्राध्यापक आले, त्यांनी खिडकीतली ती रांग पाहिली, आणि वर्षभराने धाकटी काचकामाच्या शाळेत दोन वर्षांसाठी निघाली. आई म्हणाली, "काच शिकायला एवढ्या लांब? इथे काय काचा फुटत नाहीत?" आणि मग तीन दिवस तिच्यासाठी काही ना काही डब्यांत भरत बसली.

आता आमच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. आमची आई उष्ट्या हाताने कावळा न हाकणाऱ्यांतली नव्हे, द्यायला हात सैल. पण उष्टं म्हटलं की तिच्या कपाळाला आठी. प्रत्येकाचा कप वेगळा, प्रत्येकाचं भांडं वेगळं. पाणी प्यायचं ते वरून, ओठ न लावता. लहानपणी आम्हा दोघींत एकच गोळी असली तर ती फ्रॉकच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी फोडायची, म्हणजे ती उष्टी होत नाही. मी मोठी होता होता यातलं बरंचसं सोडून दिलं. धाकटीने मात्र आईच्या वरताण केली. आई एक वेळ परवडली. सख्खी बहीण मी, पण माझ्या कपातला घोटभर चहा तिने जन्मात कधी घेतला नाही. मला ते लागायचं. कधी बोलले नाही, पण फार लागायचं.

तिकडे तिची खोली उतरत्या छताची. उभं राहायचं तर पलंगाच्या एकाच बाजूला. भिंतीतून गरम पाण्याचा नळ गेलेला आणि तो सकाळी टकटक वाजायचा. पहिल्यांदा ती दार उघडून पाहून आली. "ताई, इथे माझं दार वाजवणारा तो नळ एकटाच," ती हसत म्हणाली. हसणं खरं नव्हतं, ते मला इकडे कळलं.

दर रविवारी फोन यायचा. आधी ती भरभरून बोलायची, नंतर कमी, नंतर म्हणायला लागली, "तू बोलू नकोस. फोन ओट्यावर ठेव आणि तुझं काम करत राहा." मग मी फोडणी घालायची, भांडी घासायची, आई मांजराशी भांडायची, आणि धाकटी तिकडे खाटेवर पडून ते ऐकायची. मधेच कधी तिचा श्वास ऐकू यायचा. झोपलीय की रडतेय ते कळायचं नाही. मी भांडी जरा जास्तच आवाज करून घासायची. दुसरं काय करणार?

शाळेत तिला भट्टी आवडली. ती सांगायची तेव्हा तिच्या आवाजात जीव यायचा. भट्टीतली काच काकवीसारखी असते. लांब पोलादी नळीच्या टोकावर ती गुंडाळून घ्यायची आणि बाहेर आली की नळी फिरवत राहायची. थांबलीस की काच खाली ओघळलीच. दुसऱ्या टोकाने फुंकायचं की आत हवेचा फुगा धरतो.

"म्हणजे फुंकणीच की," मी म्हटलं.

"ताई, ती माझ्या खांद्याएवढी उंच असते. चुलीची फुंकणी कुठे आणि ही कुठे!"

पण गंमत अशी की काच एकट्याने होत नाही. एकाने बाकावर बसून नळी फिरवत ओल्या लाकडाने आकार द्यायचा, दुसऱ्याने समोर गुडघ्यावर बसून तो सांगेल तेव्हा फुंकायचं. मग अदलाबदल. म्हणून पहिल्याच दिवशी उस्तादाने सगळ्यांच्या जोड्या लावल्या. त्याचं खरं नाव काहीतरी अवघड होतं. आम्ही दोघींनी त्याला उस्ताद केलं. धाकटीच्या वाट्याला आली बसवाली.

बसवाली तिथलीच, पन्नाशी ओलांडलेली, खांद्याने रुंद. सकाळच्या पाळीत बस चालवायची आणि दुपारी तसाच गणवेश अंगात घेऊन काच शिकायला यायची. वरून एप्रन बांधला की झालं. बोलणं तुटक, पण हात मऊ. सुरुवातीला ती धाकटीला आपल्या डब्यातलं काही ना काही पुढे करायची. धाकटी मान हलवून नको म्हणायची. मग तिने पुढे करणं बंद केलं. मग जेवणाच्या सुट्टीत ती दुसऱ्या टेबलावर बसायला लागली, आणि तिच्यामागे बाकीचेही.

"इथली माणसं थंड आहेत गं," धाकटी म्हणायची.

मला राग यायचा. मी इकडे बसून त्या बसवालीला शिव्या घालायची. माझ्या दुपारच्या फेरीत ती विटांच्या इमारतीच्या दारातच उभी असायची, तोंड फिरवून, मला आत येऊ द्यायची नाही.

वर्षाखेरीला प्रत्येकाने एक मोठा पसरट वाडगा करायचा होता. तो जमला तर पुढचं वर्ष, नाही तर घरचा रस्ता. आणि ते काम तोंडावर आलेलं असताना बसवालीने सगळ्यांसमोर उस्तादाला सांगितलं, "मला हिच्याबरोबर करायचं नाही. हिला माझी किळस येते."

धाकटीला शब्द न् शब्द समजला. उत्तरही आलं, पण आपल्या भाषेत आलं, आणि तिथे ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. उस्तादाने इतरांकडे पाहिलं. सगळ्यांच्या जोड्या बसलेल्या होत्या, आणि कुणी मोडायला तयार नव्हतं. तो म्हणाला, "तुमचं तुम्ही मिटवा. एकट्याने हा वाडगा होत नाही."

हे सांगताना त्या रविवारी ती रडली नाही. फक्त म्हणाली, "ताई, मी परत येते. माझी खोली आवरून ठेव."

मला आनंद व्हायला हवा होता. घर तिच्याशिवाय खायला उठत होतं. पण मला दिसली ती खिडकीतली काचेची रांग, हंस आणि हत्ती आणि आईचं नाक, आणि त्यांच्यामागे टेबलाशी वाकलेली धाकटी, जिच्याशी कुणी बोलत नसलं तरी तिला चालायचं. ती परत आली असती तर पुन्हा तशीच वाकली असती, आणि या वेळी तिला ते चाललं नसतं. 

"किळस कशावरून म्हणाली ती?" मी विचारलं. "तू काय करतेस नेमकं?"

"काही नाही. मी नळी पुसते फक्त."

"कधी?"

"ती फुंकून देते तेव्हा. खांद्यावर स्वच्छ फडकं असतं माझ्या. टोक पुसते, मग फुंकते. एवढंच."

"तिच्या डोळ्यांदेखत?"

"मग काय पाठीमागे? काच थांबते का ताई?"

मी कपाळावर हात मारला. फोन नेहमीसारखा ओट्यावर होता, आवाज मोठा करून. आई खाली बसून मटार सोलत होती. तिने परात बाजूला सारली आणि हात पुढे केला. "दे इकडे."

आई फोनवर कायम ओरडून बोलते, जणू तार तुटली असून नुसत्या आवाजाने पोचवायचंय. "तुला उष्ट्याचं कुणी शिकवलं?"

"तू," तिकडून बारीक आवाज आला.

"मग आता मीच सांगते ते ऐक. फुंकणीला उष्टं नसतं."

मी आईकडे बघतच राहिले. माझ्या उभ्या आयुष्यात तिने उष्ट्याला सूट दिलेली मी पाहिली नव्हती.

"मी लग्न होऊन आले तेव्हा घरात चूल होती," आई सांगायला लागली. "मोठी काकू आणि मी, दोघी जावा, दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो. कशावरून ते विचारू नकोस, आता मलाही आठवत नाही. पण चूल एक आणि फुंकणी एक. ती फुंकून दमली की तोंड फिरवून फुंकणी माझ्या हातात द्यायची. मी फुंकायची. मी काय पुसत बसले असते? तोवर जाळ विझला असता आणि अख्खं घर उपाशी."

"मग बोलायला कशा लागलात?" धाकटीने विचारलं.

"एकदा ती फुंकत होती, वारा फिरला, धूर सगळा तिच्या तोंडावर. ठसका लागला. मी पाठ थोपटली. झालं." आईने पुन्हा परात ओढली. "विस्तवाच्या कामात ज्याचा दम टिकेल त्याचा. उष्टं जेवणात असतं, बाई. आणि त्या बिचारीने डबा पुढे केला तर घ्यायचा होतास की नाही घासभर? एवढं शिकवलं नव्हतं का मी?"

 मग फोन बंद झाला.

पुढचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. मी दुपारी निघायची, जिना उतरायची, चाव्यांचं दुकान, बंद घड्याळ. एकदा उताराच्या शेवटी दारात बसवाली नव्हती. मी आत गेले. आत संध्याकाळच्या आभाळासारखा उजेड होता आणि भट्टीपाशी दोघीजणी वाकलेल्या. एकीच्या खांद्यावर फडकं होतं. दुसरीची पाठ ओळखीची वाटली. लुगड्याचा काठ, मानेवर सैल अंबाडा. मोठी काकू! ती गेली त्याला किती वर्षं झाली. ती शांतपणे फुंकत होती आणि टोकाशी काहीतरी गोल, लालसर, हळूहळू मोठं होत होतं. मी पुढे व्हायला गेले, आणि दूधवाल्याने बेल वाजवली. मी त्याला उगाचच ताडकन बोलले.

मग फोन आला. धाकटीचा पट्टा सुरू! मी एकही प्रश्न न विचारता ऐकत राहिले.

आईशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बंद घड्याळाखाली जाऊन उभी राहिली आणि बसवालीच्याच बसमध्ये चढली. अगदी पुढची जागा धरली. बसवालीने वरच्या आरशात पाहिलं आणि बस हलवली. थांबे येत गेले, माणसं चढली, उतरली, विरळ झाली. घरं मागे पडली. शेवटच्या थांब्याजवळ नुसतं गवत आणि एक तळं होतं. बस रिकामी झाली. बसवालीने इंजिन बंद केलं, आणि एवढी शांतता पसरली की धाकटीने वाटेत घोकलेली सगळी वाक्यं गळून पडली.

मग तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मान मागे टाकली आणि वरून पाणी प्यायली. थेंब सांडला नाही.

"माझ्या घरी असं पितात," ती म्हणाली. "सगळे. दुसऱ्याने तोंड लावलेलं कुणी घेत नाही. मी माझ्या सख्ख्या बहिणीचंही घेत नाही. तुमची किळस नाही."

"बहिणीचंही नाही?"

"नाही."

"का?"

धाकटीने खूप विचार केला. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. "आई रागावते."

बसवाली हसायला लागली. हसता हसता तिचं कोपर हॉर्नवर पडलं आणि तळ्याकाठचे पक्षी उडाले. "केवढी घोडी झालीस तू!" म्हणाली आणि बाटली मागितली. मान मागे टाकून तिनेही प्रयत्न केला. पाणी नाकात, कानात, गणवेशाच्या आत. दोघी इतक्या हसल्या की दोघींनाही ठसका लागला. "आणि ताई," धाकटी मला म्हणाली, "मी तिच्या पाठीवर थोपटलं."

तोंड पुसून झाल्यावर बसवाली म्हणाली, "माझ्या घरी ताट एकच असतं. मुलगी लांब असते, नवरा गेला. दिवसभर माणसं माझ्या पाठीमागे बसून येतात-जातात, तोंड कुणाचं दिसत नाही. काच शिकायला आले ते त्यासाठी. तिथे समोर कुणीतरी बसतं. तू पुसायला लागलीस तेव्हा मला वाटलं, हेही गेलं."

धाकटीने बाटलीचं झाकण लावलं. तिने विचारलं, "आज डब्यात काय आहे?"

वाडग्याचा दिवस उजाडला. धाकटी बाकावर, बसवाली समोर गुडघ्यावर. काच नीट फुगत होती. मग अदलाबदलीची वेळ आली, बसवाली उठून बाकावर आली, नळी तिने फिरवत ठेवली आणि टोक धाकटीपुढे आलं. धाकटीचा हात सवयीने खांद्याकडे गेला. फडकं हाताला लागलं. ते तिने काढलं, पाण्याच्या बादलीत टाकलं आणि खाली बसून फुंकलं.

"नळीचं टोक कोमट होतं, ताई," ती म्हणाली. "आणि जरासं ओलं."

"शी," मी म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली, आणि खळखळून हसली. ते हसणं खरं होतं.

मी फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहिले.  आनंद होता, आणि हेवाही होता, लपवायचं काय त्यात! एवढ्या वर्षांत मला जे मिळालं नाही ते एका बसवालीने तिकडे बसल्या बसल्या मिळवलं होतं, आणि मी तिला इतके दिवस शिव्या घालत होते.

वाडगा निववायच्या भट्टीतून बाहेर आला तो एका अंगाला जरासा तिरका. उस्तादाने तो उलटासुलटा करून पाहिला. "तिरका आहे," म्हणाला. "पण फुटला नाही. पुढच्या वर्षी सरळ करा." म्हणजे पुढचं वर्ष होतं.

सुट्टीला धाकटी घरी आली. खांद्याने दार ढकलून आत शिरली, आमचं दार नुसतं लोटलेलं असताना. वाडगा बसवालीच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून आणला होता. आईने तो उजेडात धरला. निळा नव्हता, हिरवा नव्हता, पाण्याला खोली आली की जो रंग येतो तसा होता.

"कुणी फुंकला?"

"दोघींनी."

आईने मान डोलावली, वाडगा मोरीवर नेला आणि तीन पाण्यांनी धुतला. धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघींनीही ओठ घट्ट मिटून धरले.

मग मी चहा केला. तिघींचे तीन कप, जिचा तिला. धाकटी बोलत सुटली होती. आता चाव्यांच्या दुकानवाल्याला ती हाक मारते, बसवालीच्या मुलीने फोनवर तिची चौकशी केली, नळ अजून टकटक करतो पण आता ती त्याला "थांब रे, आले" म्हणते. तिचा चहा केव्हाच संपला होता. बोलता बोलता तिने हात लांबवला, माझ्यासमोरचा कप उचलला आणि तोंडाला लावला. मी अर्धा पिऊन ठेवलेला होता. कडेला माझ्या ओठांचा ठसाही होता.

ती बोलतच होती. तिच्या लक्षातही आलं नाही. आईच्या आलं. तिची आठी कपाळावर यायला निघाली, अर्ध्यात आली आणि थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं, कारण माझे डोळे भरून आले होते.

धाकटीने शेवटचा घोट घेतला, आणि दोन्ही कप विसळायला आत घेऊन गेली.